मावशी, गुडघा आणि पाटणचा चौक

पहिला दिवस

काठमांडूला उतरलं की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. मावशीने ते केलं नाही. "पंधरा मिन्टांसाठी कोण काटे फिरवीत बसतलो," म्हणाली आणि पाचही दिवस ती भारताच्याच वेळेत वावरली. त्यामुळे आम्ही सगळीकडे थोडे उशिरा पोचलो. पण आम्ही जिथे गेलो होतो तिथे उशीर नावाचा प्रकार कुणी फारसा मोजत नव्हतं.

आम्ही गेलो होतो पाटणला. काठमांडूच्या दक्षिणेला बागमती ओलांडली की लगेच हे शहर लागतं. आता दोन्ही शहरं एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण पाटण हे मल्ल राजांचं वेगळं राज्य होतं. १७६८ साली पृथ्वीनारायण शाहाने ते जिंकलं. कागदोपत्री नाव ललितपूर, आणि इथले मूळचे रहिवासी नेवार लोक आपल्या भाषेत त्याला 'यल' म्हणतात. शहराच्या मधोमध जुना राजवाडा, त्याच्यासमोर देवळांची रांग आणि दोहोंच्या मध्ये फरसबंदी चौक. इंग्रजी पाट्यांवर 'दरबार स्क्वेअर', नेवारी तोंडात 'लायकू', आणि भाजीवाल्यांच्या, टॅक्सीवाल्यांच्या लेखी नुसतं 'मंगलबजार'.

मी चौदा ठिकाणांची यादी करून नेली होती. पाच दिवसांत काठमांडू, भक्तपूर, स्वयंभू, पशुपती, बौद्ध स्तूप, सगळं. यादीची वाट लागायला एक जिना पुरला. खोली ठरवताना 'पहिल्या मजल्यावर' असं कबूल केलं होतं. प्रत्यक्षात मिळाली तिसऱ्यावर. नेवारी घरातला जिना म्हणजे माळ्यावर चढायची शिडीच, फक्त तिला अंधार जोडलेला. दारं इतकी बुटकी की माझं कपाळ पहिल्या तासातच सुजलं. मालकाने खूप वेळा माफी मागितली, खोली मात्र बदलली नाही. मावशी वर पोचली, पलंगावर बसली, गुडघा चोळला आणि जाहीर केलं, "आता मी दिवसातसून एकदाच उतरतलंय, आणि एकदाच चढतलंय. तुझी यादी तू बघ."

म्हणजे सकाळी उतरायचं आणि थेट रात्री चढायचं. मधला सगळा वेळ काढायचा कुठे? लॉजपासून चौक तीनशे पावलांवर.

संध्याकाळी तिला घेऊन गेले. ऊन उतरलं होतं, राजवाड्याच्या विटा तांबूस दिसत होत्या. मी उभी राहून फोटो काढत होते, तोवर मावशी गायब. बघते तर एका 'फल्च्या'त बसलेली. फल्चा म्हणजे वाटसरूंना टेकायला बांधलेला उघडा सोपा: गुडघाभर उंचीचं जोतं, त्यावर लाकडी फळ्या, पुढे कोरीव खांब, वर कौलं. नेपाळीत त्याला 'पाटी' म्हणतात. तिथे पाच-सहा म्हातारी माणसं आधीच होती. पांढऱ्या पातळावर शाल घेतलेल्या एका म्हातारीने आपलं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं होतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत मावशी मांडी घालून बसली होती. जोत्याची उंची तिच्या गुडघ्याला नेमकी सोसणारी. "ही जागा बांधणाऱ्याचो गुडघो दुखत असतलो," ती म्हणाली. पुढे पाच दिवसांत त्या चौकाची खूप वर्णनं ऐकली, पण बांधणाऱ्याच्या गुडघ्यापर्यंत कुणी पोचलं नाही.

दुसरा दिवस

मावशीला फल्च्यात बसवून मी राजवाड्यात गेले. राजवाड्याच्या केशवनारायण चौकात पाटणचं संग्रहालय आहे. ऑस्ट्रियाच्या मदतीने वाडा दुरुस्त करून १९९७ साली ते उघडलं. पितळी मूर्ती उत्तम मांडल्या आहेत, मूर्ती ओतायची रीतही समजावून दिली आहे. पण तिथली माझी आवडती वस्तू मूर्ती नव्हे, खिडकी. वरच्या मजल्यावर खिडकीलगत बसायला बाक केलेला आहे. तिथून खाली बघितलं की चौक एखाद्या पटासारखा दिसतो: डावीकडून उजवीकडे देवळं, मधून शाळकरी मुलं, पिशव्या घेतलेल्या बायका, पर्यटकांच्या मागे लागलेले वाटाडे, आणि फल्च्यात एक कुडाळची बाई हातवारे करत काहीतरी सांगते आहे. कोणत्या भाषेत, देव जाणे.

खाली आले तेव्हा मावशीकडे माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. शालवाली म्हातारी रोज येते, पण ऊन वर आल्याशिवाय नाही. टोपीवाले दोघे आधी येऊन भांडतात, मग चहा पितात. कबुतरांना दाणे विकणारी बाई विधवा आहे, तिचा मुलगा कतारला आहे. आणि सगळ्यांत मोठी बातमी: "नेवारीत आजीक काय म्हणतत म्हायत आसा? आजी! आणि आजोबाक आजू!" तिने ते कसं शोधून काढलं विचाराल तर, शालवालीला एक नातवंड 'अजि, अजि' करत चिकटलं होतं. भाषा आपल्याहून सर्वस्वी निराळ्या कुळातली, तिबेटीच्या जवळची. तरी हा एक शब्द मधोमध तसाच बसलेला. त्या क्षणापासून शालवाली ही आमची आजी झाली. मावशी सत्तरीची, आजी फार तर पंच्याहत्तरीची. पण मावशीही तिला आजीच म्हणायची आणि तीही मावशीला. दोघी एकमेकींना आजी म्हणत बसलेल्या.

आजीसोबत मावशी 'मंगः हिती'पर्यंत जाऊन आली. मावशी आपणहून चालली असं त्या आख्ख्या सहलीत एवढंच एकदा घडलं. चौकाच्या उत्तर टोकाला, भीमसेनाच्या देवळासमोर जमीन खोल उतरत जाते. पायऱ्या उतरून गेलं की तळाशी दगडी मकरांच्या तोंडातून पाण्याच्या तीन धारा पडत असतात. हिती म्हणजे असं जमिनीखाली उतरून भरायचं पाणी. ही हिती इ. स. ५७० ची सांगतात. म्हणजे समोरची देवळं, राजवाडा, मल्ल राजे यांच्यातलं काहीच नव्हतं तेव्हापासून तिथे बायका पाणी भरत आहेत. आम्ही गेलो तेव्हा प्लास्टिकच्या पिवळ्या कॅनांची रांग होती. कॅन ठेवून बायका गप्पा मारत वर बसलेल्या, रांग कॅनच सांभाळत होते. माझा असा संशय आहे की चौकाची सुरुवात राजवाड्यापासून नाही, या नळापासून झाली. पाण्याला माणसं आली, माणसांसाठी बसायला जागा झाली, आणि जिथे माणसं आयती जमलेली होती तिथे राजाने वाडा बांधला. पुराव्याने शाबीत करायला सांगू नका.

भीमसेनाचं देऊळ बघून मावशी जरा बुचकळ्यात पडली. नेवारांमध्ये भीम हा व्यापाऱ्यांचा देव. "भीमाक हिशोब कधी इलो?" तिचा प्रश्न रास्त होता, पण आजीला तो समजावून सांगणं आम्हाला जमलं नाही.

दुपारी मी तिला चटामरी खायला नेलं. तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं, वर अंडं किंवा खिमा पसरलेला. आम्ही साधी मागितली. मावशीने पहिला तुकडा मोडला, उजेडाकडे धरून जाळी बघितली आणि म्हणाली, "घावनो. जरा जाड झालो." शंभर रुपयांची भारतीय नोट दिली की एकशेसाठ नेपाळी रुपये धरतात, हा १.६ चा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे हिशेबाला डोकं लागत नाही. मावशी तरी प्रत्येक वेळी बोटं मोजायची.

संध्याकाळी आमच्या येण्याचं खरं कारण सुरू झालं. पाटणमध्ये कार्तिक महिन्यात चौकातल्या दगडी ओट्यावर नाच होतो. ओट्याला नेवारीत 'दबू' म्हणतात, नेपाळीत 'डबली'. उघड्यावरचा चौथरा, बस्स. ना पडदा, ना विंग. राजा सिद्धिनरसिंह मल्लाने १६४१ च्या सुमारास हा कार्तिक नाच सुरू केला. पुढच्या राजांनी दिवस वाढवत वाढवत तो महिनाभराचा केला. विसाव्या शतकात आटत आटत तो दोन दिवसांवर आला होता. गावकऱ्यांनी पुन्हा उभारी दिली आणि दिवस परत वाढवत नेले. मावशीचे वडील कुडाळकडच्या जत्रेत दशावतारी कंपनी बोलावणाऱ्यांतले. त्यामुळे 'कार्तिकात उघड्यावर रात्रीचा नाच' एवढं ऐकूनच ती यायला तयार झाली होती. आमच्याकडेही कार्तिक सरता सरता जत्रा सुरू होतात आणि धयकाल्याचे, म्हणजे दशावतारी खेळांचे, पेटारे उघडतात.

त्या रात्री गंभीर काही नव्हतं. 'बाठः प्याखं' नावाचं विनोदी सोंग होतं. प्याखं म्हणजे नाच किंवा नाटक. शब्द एकही कळत नव्हता. पण एक नट लुगडं नेसून ठुमकत आला, दुसऱ्याने त्याच्या पदराला हात घातला, तिसऱ्याने काठी उगारली आणि शेजारच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसलेली सगळी माणसं एकदम हसली. मावशी त्यांच्या आधी हसली. "संकासुर रे संकासुर!" दशावतारातला काळ्या वेषातला तो वाह्यात असुर तिला इथे भेटला होता, फक्त त्याचा रंग बदलला होता.

पायऱ्यांचं मला तेव्हा लक्षात आलं. इथली देवळं उंच चौथऱ्यांवर, आणि चौथरे पायरी-पायरीने चढत गेलेले. दिवसा वाटतं, देव उंच बसावा म्हणून केलंय. रात्री नाच सुरू झाला की कळतं, ही बसायची सोय आहे. देव मागे, प्रेक्षक त्याच्या पायाशी, तोंडं सगळ्यांची ओट्याकडे. देवालाही तिथून चांगलं दिसत असणार.

तिसरा दिवस

कार्तिकी एकादशी. नेपाळात हरिबोधिनी किंवा नुसती ठूली एकादशी, मोठी एकादशी. त्या दिवशी तुळशीचं लग्न लावतात, चांगुनारायणसारख्या खोऱ्यातल्या चार नारायणांच्या ठिकाणी रीघ लागते. मावशीच्या उपासाची मला आदल्या रात्रीपासून धास्ती. साबुदाणा कुठून आणू? वरीचे तांदूळ? सकाळी चौकात उतरलो तर कोपऱ्याकोपऱ्यावर उकडलेल्या रताळ्यांचे ढीग. ठूल्या एकादशीला इथे रताळी, अळकुड्या, कंद खायची रीत आहे. मावशीने रताळं सोललं, अर्धं आजीला दिलं, आजीने तिच्या पदरातून एक काढून अर्धं मावशीला दिलं. म्हणजे ज्याचं त्याच्याकडेच राहिलं, पण देणंघेणं झालं.

कृष्ण मंदिर त्या दिवशी गजबजलेलं होतं. चौकातलं हे सगळ्यात देखणं देऊळ, आणि शेजाऱ्यांपेक्षा वेगळं. बाकीची बहुतेक वीट-लाकडाची, उतरत्या छपरांची. हे आख्खं दगडी, शिखराचं, एकवीस सोनेरी कळसांचं. सिद्धिनरसिंहाने १६३७ मध्ये पुरं केलं. राजाच्या स्वप्नात राजवाड्यासमोर राधाकृष्ण उभे दिसले, म्हणून नेमकं तिथेच बांधलं, अशी गोष्ट सांगतात. पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत कोरलं आहे, दुसऱ्याच्या पट्टीवर रामायण. खालून डोळ्यांना ते नीट लागत नाही. मी फोनने मोठे करून फोटो काढले आणि फल्च्यात नेऊन दाखवले. त्यावरून जी सभा भरली ती तासभर चालली. एका फोटोत रथाचं चाक आणि खाली वाकलेला माणूस. मावशी म्हणाली कर्ण, टोपीवाल्यांपैकी एक हिंदीत म्हणाला सारथी आहे, दुसरा म्हणाला दोघांनाही चष्मा लागलाय. निकाल लागला नाही. कोरणाऱ्याने प्रसंगाखाली नेवारीत नाव लिहिलेलं असतं, पण माझ्या फोटोत नेमकं तेवढंच कापलं गेलेलं.

मी माझ्या यादीतलं एक तरी ठिकाण करावं म्हणून दुपारी 'सुवर्ण मंदिर' म्हणतात त्या हिरण्यवर्ण महाविहारात जाऊन आले. सुंदर आहे. पण मन लागलं नाही, परत आले.

संध्याकाळी फल्च्यातली मंडळी बदलली. गप्पांवाले उठले आणि दहाबारा पुरुष आले: कुणी कामावरून थेट, हेल्मेट बाजूला ठेवून, कुणी आंघोळ करून टिळा लावून. मावशी उठू लागली तर तरुण पोरगा म्हणाला, "आमा, यहाँ बस्नुस्." ती तिथेच भिंतीला टेकून राहिली. त्यांनी दिवा लावला, कापडातून लांबलचक घडीची पोथी काढली. 'थ्यासफू' म्हणतात तिला. भात्यासारखी दुमडत जाणारी, कडा हाताळून मऊ काळ्या झालेल्या. हे दाफा भजन. दोन बाजूंना समोरासमोर बसून गातात, मध्ये 'खिं' नावाचा ढोल आणि जाड काठाची छोटी झांज, जिला 'ता' म्हणतात. आधी राग 'घेतात', मग पद. कितीतरी पदांच्या शेवटी मल्ल राजांची नावं येतात. राज्य जाऊन अडीचशे वर्षं झाली, राजाची सही अजून गायली जाते आहे.

खरं सांगायचं तर पहिली वीस मिनिटं मला कंटाळा आला. लय फारच संथ, सगळी पदं एकसारखी वाटायची. मावशी मात्र हाताने ताल धरून बसली होती. आणि मग लय अशी काही चढत गेली की हेल्मेटवाल्याच्या मानेची शीर तटतटून आली. समेवर सगळे एकदम थांबले. चौकातून जाणारा एक माणूस तेवढ्यापुरता थबकला, हात जोडले आणि पुढे चालू लागला.

भजन संपल्यावर आजीचा मोठा नातू, तो चांगलं हिंदी बोलायचा, त्याला मी विचारलं, हे रोज येतात? म्हणाला, रोज भजन असतं, पण आज या घरांची पाळी आहे. पाळी हा शब्द त्याने वापरला, नेपाळीतही तो तसाच आहे. मग त्याने गुठी समजावली. गुठी म्हणजे घराण्यांचा बांधलेला गट, बहुतेकदा जमिनीच्या उत्पन्नावर चालणारा. कोणत्या गुठीने कुठला दिवा लावायचा, कुठली पूजा, कुठल्या जत्रेला कोण वाजवणार, कुठला फल्चा कोण झाडणार, हे पिढ्यांपासून वाटून दिलेलं असतं. वर्षभरात तुमची पाळी येते तेव्हा तुम्ही हजर राहायचं, नाही जमलं तर भावाला पाठवायचं. २०१९ साली सरकारने गुठ्या एका प्राधिकरणाखाली आणणारं विधेयक मांडलं, तर हजारो नेवार काठमांडूच्या रस्त्यावर उतरले आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं. "हम भी गए थे, अजि भी," तो म्हणाला. आजीने मान हलवली. या असल्या सुरकुतलेल्या, शाल सावरत बसणाऱ्या बाईने मोर्चात घोषणा दिल्या असतील हे मला पटेना. मावशीला लगेच पटलं.

"आमच्या सप्त्यातले पार," मावशी म्हणाली. कोकणात भजनी सप्ताह असतो तेव्हा दिवसरात्रीचे प्रहर वाड्यावाड्यांना वाटून देतात. पहाटे तीनचा पार ज्या वाडीकडे तिने पहाटे तीनला टाळ वाजवायचे, थंडी असो वा पाऊस. "पार चुकलो तर लोक वरीसभर बोलून दाखवतत. देवाक कोण भिता? लोकांक भितत."

चौथा दिवस

सकाळी चौकाची मोडतोड बघितली. मोडतोड म्हणजे शोधावी लागते, आता कुठे दिसत नाही. २५ एप्रिल २०१५ ला, शनिवारी, दुपारी बाराला चार मिनिटं असताना ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. नेपाळात शनिवार सुट्टीचा, त्यामुळे शाळा बंद होत्या. या चौकातली चारनारायण आणि हरिशंकर ही दोन मोठी देवळं बसली, हितीशेजारचे दोन मणिमंडपही. रातो मच्छिंद्रनाथाच्या रथयात्रेचा मुहूर्त याच मंडपात काढायचे. आपल्या नवनाथांतला मच्छिंद्र इथे पाऊस आणणारा देव आहे, तांबडा, उंचच उंच रथात बसणारा. कृष्ण मंदिर भेगाळलं पण उभं राहिलं. खांबावर बसलेला योगनरेंद्र मल्लाचा पुतळा खाली आला, खांब तसाच उभा.

फल्च्यातला टोपीवाला, चष्म्यावरून टोमणा मारणारा, त्या दिवशी चौकातच होता. पण भूकंपाविषयी तो फार बोलला नाही. लाकडांविषयी बोलला. धूळ बसली तशी माणसं, लष्कराचे जवान, संग्रहालयातले लोक ढिगाऱ्यात शिरले आणि कोरीव तुळया, नागदंत, खांब, चौकटी एकेक करून राजवाड्यात नेऊन ठेवायला लागले. बाहेर राहिलं तर चोरीला जाणार किंवा चुलीत. मग वर्षानुवर्षं जुळवाजुळव. कुठला देव कुठल्या कोपऱ्याचा हे काही सुतारांना नक्षीवरून ओळखता यायचं. त्याने मला हरिशंकराच्या देवळाजवळ नेलं आणि एका टेकूवर बोट ठेवलं. टेकूचा वरचा भाग काळा, तेल प्यायलेला, देवाच्या नाकाची धार झिजलेली. खालचं वीतभर लाकूड नवं, फिकट, कडा तीक्ष्ण. सांधा नखाने चाचपावा लागेल इतका घट्ट. "पचास साल में एक रंग हो जाएगा," म्हणाला. १९३४ च्या भूकंपानंतरही असंच झालं होतं, त्याच्या वडिलांनी सांगितलेलं. त्या दुरुस्तीचे सांधे आता कुणाला दिसत नाहीत.

योगनरेंद्राचा पुतळा परत खांबावर चढला आहे. हात जोडून बसलेला सोनेरी राजा, मागे छत्र धरलेला नाग, नागाच्या डोक्यावर एक इवलासा पक्षी. पक्षी उडेपर्यंत राजा जिवंत, कधीही परत येईल, म्हणून राजवाड्यातली एक खिडकी उघडी ठेवायची आणि हुक्का तयार ठेवायचा अशी समजूत. मावशीने लगेच अडचण काढली. "भूकंपात पुतळो पडलो तेव्हा पक्षी उडालो म्हणूचो काय?" नातवाने हे टोपीवाल्याला भाषांतर करून सांगितलं. टोपीवाला पोट धरून हसला आणि शेजारच्याला सांगितलं, शेजारच्याने चहावाल्याला. संध्याकाळपर्यंत तिच्या प्रश्नाने चौकाची एक फेरी मारली असावी, कारण आम्ही जेवायला गेलो तर तिथली बाई मावशीकडे बघून हाताने पक्षी उडवून दाखवायला लागली.

त्या रात्री नृसिंह होता. गर्दी पाचपासूनच. मावशीला आजीने आपल्या शेजारी पायरीवर जागा धरून ठेवलेली, शालीची घडी टाकून. मी उभीच. नगाऱ्यासारखा ठेका चालू होता, तो तासभर बदलला नाही, आणि त्या न बदलण्यानेच छातीत काहीतरी साचायला लागलं. हिरण्यकश्यपू ओट्यावर फेऱ्या मारत होता, तलवार फिरवत. हा नट महिनाभर नेम पाळतो असं नातू म्हणाला. नृसिंहाचं काम राजोपाध्याय ब्राह्मणाकडे, तेही पाळीने चालत आलेलं. लहानगा प्रल्हाद झोप आवरत उभा होता. तो अगदी खरा वाटला, कारण दहा वाजून गेले होते.

नृसिंह आला तेव्हा आरडाओरडा झाला नाही. उलट सगळं गप्प झालं. मुखवट्याची आयाळ मशालीच्या उजेडात हलत होती, तो पावलं घासत पुढे सरकत होता. हिरण्यकश्यपू मागे सरला, पुन्हा पुढे आला, पुन्हा मागे. मग नखं लागली आणि तो कोसळला. कोसळण्याचं सोंग नाही. लाकडासारखा ताठ मागे गेला आणि चौघांनी वरच्यावर झेलला. इथे मानतात की तो खरोखरच बेशुद्ध होतो. डोळे पांढरे झालेले मी दहा हातांवरून पाहिले. त्याला उचलून बाजूला नेलं, तीर्थ शिंपडलं. माणसं पायऱ्यांवरून अर्धी उठून बघत होती, हात जोडलेले. आजीचे ओठ हलत होते. मावशीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता.

थोड्या वेळाने तो माणूस उठून बसला. कुणीतरी पाणी दिलं. त्याने घोटभर घेतलं, तोंड पुसलं, आणि समोरच्या गर्दीकडे असा बघत राहिला की जणू हे सगळे कशाला जमले आहेत ते त्याला माहीतच नाही.

परतताना मावशी बराच वेळ बोलली नाही. जिन्याखाली थांबली. "आमचे आबा बोलवत त्या कंपनीत राजाचा काम करणारो एक होतो," म्हणाली. "तलवार खाली ठेवल्यार पण तासभर राजासारखोच बोले. बायको चाय आणून दी, तर 'प्रधानजी' म्हणून हाक मारी." मग तिने एकेक पायरी मोजत तिसरा मजला चढला. एकदाही थांबली नाही.

पाचवा दिवस

दुपारचं विमान. सकाळी सातला चौकात गेलो. दबूवर काल रात्रीचं कुंकू, तांदूळ आणि चार पाकळ्या. एक बाई ते झाडत होती. मावशीने घरून आणलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा आजीसाठी राखून ठेवला होता, पण आजी ऊन वर आल्यावर येते. सातला कुठली असायला? फल्च्यात टोपीवाला एकटाच. डबा त्याच्या हातात दिला, 'अजि' म्हणून दोनदा सांगितलं. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि एक लाडू आपला म्हणून काढून घेतला. मावशीने हरकत घेतली नाही. आजीने परवा दिलेलं रताळ्याचं बियाणं, म्हणजे मोड आलेलं एक रताळं, ती कागदात गुंडाळून पर्समध्ये घालून नेत होती. कस्टमने पकडलं तर काय सांगायचं, याची माझी तयारी चालू होती.

मावशी फल्च्यात दोन मिनिटं बसली, तिच्याच जागेवर. भिंतीतल्या कोनाड्यात कालच्या दिव्याची वात जळून काळी झाली होती, तेल थोडं उरलेलं.

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. गाडी मंगलबजारच्या गर्दीतून निघाली, बागमतीचा पूल आला, आणि मावशीने विचारलं, "गो, आज रातचो दिवो कोणाच्या घराचो?"

मी विचारायचं विसरले होते.